बांधावर कोण बसलंय?

माझी जिजाआत्या भित्री आहे असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. ती कशालाच भीत नाही असं कुणी म्हटलं, तर त्याच्याशीही भांडेन. माझा स्वभावच तसा आहे. म्हणून तर जूचंद्रमधल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक कामापुरतं बोलतं आणि निघून जातं. आत्याचा विषय निघाला तर मात्र मीच समोरच्याला स्टूल पुढे करतो.

आत्या आता सत्तरीकडे झुकलीय. अंगाने काटकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आवाज पार नायगाव स्टेशनपर्यंत जाईल असा. घरात साप निघाला तर शेजारचे बाप्ये पळतात आणि आत्या चिमटा घेऊन येते. तिच्या उरलेल्या जमिनीच्या तुकड्यासाठी एका बिल्डरचा माणूस गोड बोलत आला होता. त्याला तिने पाणी पाजलं, चहा पाजला आणि मग कोयता हातात घेऊन विचारलं, "आनखी काय पायजे?" तो परत आला नाही.

पण अमावास्या-पुनवेला खाडीला उधाण आलं की हीच बाई घराच्या मागच्या खिडक्या लावून घेते. भर उन्हाळ्यात, पंखा बंद असला तरी लावते. का, ते गावातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. नव्या बिल्डिंगीतल्यांना कुठून माहीत असणार?

आमची शेती खाडीकाठची. मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर अलीकडे भात, बांध फुटला की सगळं खारं. फुटलेला बांध उन्हाळ्यात नव्याने घालायचे, आणि तो घातला की आमच्याकडे एक रीत होती. पहिलं मोठं उधाण येईल तेव्हा ज्याने बांध घातला त्याने बांधावर जाऊन बसायचं. नुसतं बसायचं. बाकीच्या गावाने घरी झोपायचं. माझा बांध पक्का आहे हे त्याने तोंडाने सांगायचं नाही, बसून दाखवायचं. कुणी विचारायचं, "बांध कसा हाय?" तर उत्तर यायचं, "बसलाय ना तो." झालं, विषय संपला.

त्या बसलेल्याने आपण होऊन उठायचं नाही. भरती येणार, थांबणार, ओसरणार. मग घरची बाई तांदळाची भाकर घेऊन बांधावर जाणार आणि म्हणणार, "उठ, पानी गेला. जेव." तिने तसं म्हटलं की तो उठणार.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे रामूमामा, बांध घालण्यात पटाईत होते. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीची गोष्ट. एका वर्षी त्यांनी नवा बांध घातला आणि रात्रीच्या भरतीला जाऊन बसले. गाव निवांत झोपलं. आत्याचा मुलगा अल्पेश तेव्हा पाळण्यात होता. तिने भाकऱ्या भाजल्या, सुक्या जवल्याची, म्हणजे बारीक सुकटीची, चटणी केली, फडक्यात बांधली, आणि पाणी उतरायच्या वेळेला निघाली. जिथे बांध असायला हवा होता तिथे नुसतं पाणी होतं. खेकड्याने कुठेतरी आतून पोखरलं होतं, असं मागाहून म्हणाले. रामूमामा दुपारी खाडीतल्या तिवरांच्या झाडीत सापडले.

गावाने त्यांना बोल लावला नाही. कसा लावणार, तो माणूस बसला होता. त्यानंतर ही रीतच हळूहळू मोडली आणि पुढे शेतीही मोडली. आता त्या जागेवर चौदा-पंधरा मजल्यांचे टॉवर आहेत. बांधाचा एक तुकडा तेवढा टॉवरमागे, तिवरांच्या कडेला उरलाय.

एवढं माहीत असल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगितलं.

आता यंत्राकडे येतो. दोन हजार आठ साली, गणपतीच्या दिवसांत, टीव्हीवाल्यांनी देशभर उच्छाद मांडला होता. परदेशात जमिनीखाली भलंमोठं गोल भुयार खणलंय, त्यातल्या यंत्रात शास्त्रज्ञ कणांवर कण आपटणार, त्यातून काळं विवर तयार होणार आणि ते पृथ्वीला गिळणार. बुधवारी. वेळसुद्धा दिली होती. मागे ढोल वाजल्यासारखं संगीत आणि पृथ्वी भोवऱ्यात ओढली जातेय असं चित्र. आमच्या गल्लीतली पोरं शाळेतून रडत घरी आली. काही मोठी माणसंही त्या दिवशी कामावर गेली नाहीत, पण त्यांना कारण लागतंच कशाला!

अल्पेशची मुलगी रचना तेव्हा पाचवी-सहावीत असेल. ती बुधवारी सकाळपासून आत्याच्या मांडीवरून उतरेना. आत्यानेही तिला उतरवलं नाही. आरतीलासुद्धा तिला कडेवर घेऊन उभी राहिली, एवढी घोडी झालेली पोर! दुपार झाली, संध्याकाळ झाली, पृथ्वी होती तिथेच. टीव्हीवाले दुसऱ्याच बातमीला लागले. रचनाने डोळे पुसले आणि विचारलं, "आजी, मग त्या भुयारात आहे तरी काय?"

आत्या म्हणाली, "मना काय ठावं? तूच बग मोठी झाल्याव."

म्हातारी माणसं असं काहीतरी बोलून मोकळी होतात. पोरगी मात्र ते धरून बसली. दहावीला, बारावीला, एम.एस्सी.ला तिचं एकच पालुपद. आपल्याला ज्या गोष्टीने रडवलं, ती काय आहे हे बघितल्याशिवाय हिला चैन नाही. अल्पेश रांगोळीतला कलाकार. आमच्या गावात तसे पुष्कळ आहेत, पण त्याचा हात वेगळाच. त्याने एकदा गणपतीत त्या यंत्राची रांगोळी काढली. निळ्या-केशरी नळ्या, आत चाकं. लोकांना वाटलं विमानाचं इंजिन आहे. रचना बापाच्या गळ्यात पडली होती.

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात बातमी आली. रचना पीएचडी करत होती, आणि तिच्या सरांच्या गटातून तिला काही महिने त्या जिनेव्हाजवळच्या यंत्रावर पाठवायचं ठरलं. यंत्र तीनेक वर्षं बंद होतं, आता पूर्वीपेक्षा जास्त जोराने चालणार होतं. जुलैमध्ये टकरा सुरू होणार आणि रचनाही तिथे असणार.

आणि नेमका त्याच वेळी मोबाइलवर तो व्हिडिओ फिरायला लागला. दोन हजार आठचाच माल, फक्त संगीत नवं. या वेळी काळ्या विवरासोबत भूकंप होता आणि नरकाचं दार उघडणार होतं. माझ्या दुकानात काच बदलायला आलेला माणूस फुटक्या काचेतून मला तो व्हिडिओ दाखवायचा. मी त्यांना म्हणायचो, जग बुडणार आहे तर काच कशाला बदलताय, राहू दे तशीच. दोघे-तिघे खरंच विचारात पडले.

वैशाखात आत्याच्या अंगणात तांदळाच्या पापडांचा घाट असतो. आळीतल्या बायका जमतात. त्या दिवशी मी पापडाच्या लाट्या खायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. समोरच्या घरची सून रीमाही होती. ती मूळची विरारची, मनवेलपाड्याची. तिने हात पुसून मोबाइल काढला आणि रचनाला म्हणाली, "ताई, सॉरी हां, पण तू जातेस ना, तेच आहे हे. हा माणूस बोलतो की पूरी दुनिया खतम होऊ शकते. मला तर झोपच नाही लागली."

बाकीच्या बायकाही बोलायला लागल्या. एकीने तर आत्याला सरळच विचारलं, "जिजे, तुजी नात जग बुरवाला चाल्ली काय गो?"

रचनाने शांतपणे सांगायला घेतलं. पोरीचा धीर मोठा, मी असतो तर लाटणं फेकून मारलं असतं. ती म्हणाली, आभाळातून असेच कण रोज आपल्यावर येऊन आदळतात. या यंत्रापेक्षा कितीतरी जोराने. पृथ्वी झाल्यापासून आदळतात, चंद्रावरही आदळतात. तसलं विवर होऊन सगळं गिळायचं असतं तर केव्हाच गिळलं असतं. चंद्र आहे ना अजून जागेवर?

"चंद्रावर माणसं थोडी राहतात," रीमा म्हणाली. बायकांना ते पटलं. रचनाने पुन्हा सुरुवात केली. पिठाची गोळी घेतली, ती दुसरीवर आपटून दाखवली. बायका गोळ्यांकडे बघत राहिल्या आणि कुणाचंच समाधान झालं नाही.

 लाटत लाटतच आत्याने विचारलं, "बाय, मना एक सांग. त्या भुयाराच्या वरती कोन ऱ्हातान?"

"गावं हायत आजी," रचना घरच्या बोलीत म्हणाली. आजीशी ती तसंच बोलते. "गाई चरतान. द्राक्षांच्या बागा हायत. पोरांची शाला हाय."

"आनि ज्यानी ती मशीन बनवली ते?"

"ते बी तिथंच. त्यांची घरां, बायका-पोरां, सगली तिथंच."

आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने लाटणं खाली ठेवलं. "म्हंजे बसलेत की!"

"बसलेत, बसलेत," दुसरी म्हणाली, आणि अंगणातली हवाच बदलली. रीमाला काही समजेना. ती म्हणाली, "कोण बसलेत?" तिला दोघी-तिघींनी मिळून बांधाची रीत समजावून सांगितली. तिने ती ऐकली, थोडा विचार केला, आणि तो व्हिडिओ डिलीट केला. मी कपाळाला हात लावला. सगळ्या विश्वातले कण आणून ओतले तरी जे पटलं नव्हतं, ते शाळा आणि गाईंनी पटवलं. मला हसू यायला लागलं.

तेवढ्यात आत्याने विचारलं, "आनि तू?"

"मी बी बसनार ना," रचना उत्साहाने म्हणाली. "तिथं ड्युटीच्या पाल्या असतान. मशीन चालू असली का तिच्याव नजर ठेवाची. पयल्या टकरीच्या दिवशी माजी पाली लागली. शिकाऊ हाय, तरी बसाला देनार."

पोरगी अशी खुशीत सांगत होती की तिला काही उमगलंच नाही. माझं हसू मात्र जिथल्या तिथे थांबलं. आत्याने लाटणं ठेवलं, पिठाच्या हातानेच उठली आणि आत गेली. मागच्या खिडक्या लावल्याचा आवाज आला. त्या दिवशी ना अमावास्या होती ना पुनव.

त्यानंतर आत्या त्या विषयावर बोलेना. रचना पाया पडायला वाकली की पाय मागे घ्यायची. घरात बॅग भरली जात होती आणि म्हातारी बॅगेकडे पाठ करून बसायची. अल्पेश वैतागला. "आये, एवढी पोर शिकली, तुज्यापायी आता ऱ्हावाचं का तिनं?" असं ओरडून गेला आणि मग स्वतःच रांगोळीचा डबा उघडून उगाच रंग मिसळत बसला.

रचना माझ्या दुकानात आली. "काका, आजी जा म्हणाली नाही तर मी नाही जाणार."

मी तिला झापलं. इतकी वर्षं अभ्यास केलास तो काय यासाठी? सरांना काय सांगणार, आजीने पाय मागे घेतले म्हणून?

"त्या बुधवारी मी दिवसभर तिच्या मांडीवर होते काका. ती सारखी घड्याळाकडे बघत होती. तिलाही वाटत होतं, जग संपणार म्हणून. तरी तिने मला नाही सांगितलं. मला सोडून नाही गेली ती कुठे." डोळे पुसून ती म्हणाली, "मी तिला अशी घाबरलेली ठेवून कशी जाऊ?"

 अडलो की माझा आवाज चढतो. तसाच चढलेला आवाज घेऊन मी आत्याकडे गेलो. रचना मागून आली आणि दारातच थांबली. मी आत्याला सांगायला लागलो, जग काही बुडत नाही, हे सगळं थोतांड आहे, तूच तर बायकांना गप्प केलंस.

"जगाचा मना नको सांगू, कल्प्या," आत्या म्हणाली. "जग सगल्यांचा हाय, सगलं मिलून बगतील. माजी एक नात हाय."

"पण काही होणार नाही तिला."

"तो बी बोल्ला होता, काय होनार नाय. खोटा नव्हता रं तो. त्याला ठावंच नव्हता." तिने हात पदराला पुसले. मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत म्हणाली, "बसला त्याचा मना वायीट नाय वाटं. बसाचाच होता त्याला. पन मी भाकर घेऊन गेले, आनि उठ बोलाला समोर कोन नव्हता. तो सबूद माज्या तोंडात ऱ्हायला. अजून हाय. ही तिकरं बसंल, सात समुद्रापल्यार. हिला उठ बोलनारा कोन हाय तिथं?"

माझा आवाज कुठल्या कुठे गेला. आमच्या घरात आजवर कुणी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. आम्ही सगळे समजत होतो की तिला पाण्याची भीती वाटते.

रचना दारातून आत आली, आजीच्या समोर जमिनीवर बसली आणि तिचे हात आपल्या हातात घेतले.

"तू बोल ना, आजी."

"मी हितं, तू तिथं."

"मी फोन लावीन. टक्कर झाली का लगेच लावीन. तू उठ बोलशील तवाच उठीन. तोवर खुर्ची सोरनार नाय."

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुजं सायब चालवून घेतील?"

"त्यांना सांगेन, आमच्या घरची रीत हाय."

आत्या उठली. फळीवरचा डबा काढला, त्यातला सुका जवला कागदात बांधला, त्यावर आणखी एक कागद, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. ते पुडकं तिने स्वतःच्या हाताने बॅगेत तळाशी घातलं आणि म्हणाली, "जा." रचना वाकली तेव्हा या वेळी पाय जागेवर होते. त्या जवल्याच्या वासाने बॅगेतल्या कपड्यांचं काय झालं ते रचना अजून सांगते.

जुलै आला. पहिल्या टकरीच्या दिवशी पाचच्या सुमारास आत्या दुकानात हजर. "शटर घाल, बांधाव जावाचा हाय."

मी म्हटलं, आत्या, बाहेर चिखल आहे, संध्याकाळ होतेय, आणि आज षष्ठी आहे. भांगेचं पाणी, उधाण नाही काही नाही, बांधाच्या पायथ्यालासुद्धा लागणार नाही. फोन घरी बसूनही घेता येतो, उलट रेंज चांगली मिळते.

"तू येतस का मी जाऊ?"

गेलो. टॉवरच्या कंपाउंडला वळसा घालून, वॉचमनला समजावून, चिखल तुडवत आम्ही त्या उरलेल्या बांधावर पोचलो. पाऊस थांबला होता. मी प्लॅस्टिकचं पोतं अंथरलं, त्यावर आत्या बसली. एका हातात छत्री, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"हे काय?"

"भाकर."

"ती तिकडे जिनेव्हात. भाकर कुणाला?"

"रिकाम्या हातानी कोन उठवतं?" ती म्हणाली. 

दिवेलागण झाली. टॉवरच्या खिडक्या उजळल्या, तिवरांत बगळे बसले, खाली कुठेतरी अडलेलं पाणी ओसरायला लागलं. मी फोन उंच धरून उभा होतो, दोन काड्या येत होत्या, जात होत्या. उभ्या आयुष्यात इतके फोन दुरुस्त केले, पण एवढी विनवणी मी कुठल्याच फोनला केली नसेल. आत्या नुसती बसली होती. ती भीत होती हे मला दिसत होतं, तिची मूठ त्या फडक्यावर घट्ट होती. तरी तिने पाण्यावरून नजर हलवली नाही.

अखेर फोन वाजला. मी स्पीकर लावून तिच्यापुढे धरला. पलीकडून टाळ्यांचा, ओरडण्याचा गलका येत होता. त्यातून रचनाचा आवाज आला.

"आजी! झाली टक्कर. सगला ठीक हाय. काय झाला नाय."

आत्याचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. मी तिच्या खांद्याला हात लावला. "बोल की गं."

"आजी, सगले उभे ऱ्हायलेत," रचना म्हणाली. "टाल्या मारतान. मी एकटीच बसलेय."

आत्याने मांडीवरचं फडकं सोडलं. भाकर दोन्ही हातांवर घेतली, समोर धरली, आणि म्हणाली, "उठ गो बाय. पानी गेला. जेव."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उठले, आजी."

फोन चालूच होता. आत्या भाकर तशीच हातांवर धरून रडायला लागली. मीही रडलो, त्यात लपवायचं काय. मग तिने ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ते ऐकू आलं नसेल असं वाटून ती म्हणाली, "उठली रं, कल्प्या. उठली ती."